आरेच्या रस्त्यावर, भाड्याच्या खोलीच्या शोधात

४ मार्च १९५१. गोरेगाव स्टेशनच्या पूर्वेला उतरून तुम्ही टेकड्यांच्या दिशेने चालू लागला आहात. रस्त्यावर गर्दी आहे, कारण आज पंतप्रधान नेहरू आरे दूध वसाहतीत यायचे आहेत. त्यांच्या हस्ते एक रोपटं लावलं जाणार आहे. तुम्हालाही त्यांना बघायचं आहे, पण खरं काम वेगळं आहे. तुम्हाला राहायला खोली हवी आहे.

तुमचं पाच माणसांचं बिऱ्हाड आहे. तुम्ही दोघं, दोन मुलं आणि म्हातारी आई. एकाची कमाई पुरी, दुसऱ्याची अर्धी. पुढची पंचाहत्तर वर्षं तुम्ही याच रस्त्याने ये-जा करणार आहात आणि हे बिऱ्हाड असंच राहणार आहे. तारखा बदलतील, टेबलामागचा माणूस बदलेल आणि तो विचारतो तो प्रश्नही बदलेल.

चढावर आलात की दोन्ही बाजूंना गवताची कुरणं दिसतात. हे पॅरा गवत. गोठे धुतलेलं शेणपाणी पाटांनी त्यात सोडलंय, म्हणून ते इतकं काळंभोर हिरवं आहे. दोन वर्षांपूर्वी, १९४९ साली, ही वसाहत सुरू झाली. ३,१६० एकर जमीन. मुंबईच्या गल्ल्यांमधले तबेले हटवायचे आणि म्हशी इथे आणायच्या, ही दूध आयुक्त दारा खुरोडी यांची योजना. युनिटं बांधत बांधत बत्तिसाचा आकडा गाठायचा आहे, म्हशी सोळा हजार. म्हशी खाजगी मालकांच्या. जमीन, गोठे, पाणी, रस्ते सरकारचे. मालकाने प्रत्येक जनावरामागे दरमहा परवाना शुल्क भरायचं आणि दूध सरकारच्या डेअरीला द्यायचं. साध्या मराठीत सांगायचं तर सरकारने इथे भाड्याचे गोठे बांधले आहेत, आणि ते उत्तम चालवतंय.

एका युनिटच्या दारात मुकादम उभा आहे. गवत कापायला माणसं हवी आहेत, रोजंदारीवर. तुम्ही लगेच हो म्हणता आणि हळूच विचारता, "मामा, राहायची काय सोय?"

"एकटं असाल तर गोठ्याच्या कडेला खाट टाका. बायकापोरं असतील तर तिकडं ओढ्याच्या अंगाला बघा जागा. लोकांनी घातलीत छपरं."

वसाहतीत साहेबांचे बंगले आहेत, कर्मचाऱ्यांना दर्जाप्रमाणे क्वार्टर्स आहेत. गवत कापणारा, शेण ओढणारा, धारा काढणारा गडी यांतल्या कुठल्याच यादीत नाही. मला इथे थांबावंसं वाटतं, कारण सगळ्या गोष्टीचं मूळ इथेच आहे. स्वतंत्र झालेल्या राज्याला चार वर्षांत घरमालक होता आलं होतं. जागा किती लागते ते मोजलं, दरमहा किती आकारायचं ते ठरवलं, पाणी आणलं, निरीक्षक नेमला, वसुलीची वही ठेवली. भाड्याच्या घरांना याहून वेगळं काय लागतं? कौशल्य होतं, जमीन होती, आणि ज्यांना खोली हवी होती ती माणसं त्याच कुरणात विळा घेऊन वाकलेली होती.

शहरात जाऊन बघू म्हणून तुम्ही पुन्हा लोकल पकडता. परळला, लालबागला चाळी आहेत. पण १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली आहेत. आत असलेल्या भाडेकरूला त्याचा आधार झाला, आणि तो त्याला मिळायलाच हवा होता. पण घरमालकाने नवी चाळ बांधणं सोडलं, आणि जुनी खोली रिकामी झालीच तर तो पागडी मागतो. भाडं तुम्हाला परवडतं. पागडीची रक्कम तुमच्या घराण्यात कुणी एकरकमी पाहिलेली नाही. तुम्ही ओढ्याच्या अंगाला परत येता.

१९६६. छपराची आता झोपडी झाली आहे, कुडाच्या भिंतींना पत्रा लागला आहे. गोरेगावच्या पश्चिमेला मोतीलाल नगर उभं राहिलंय. गृहनिर्माण मंडळाची बैठी घरं, सुमारे २३० चौरस फुटांची, अंगणासकट. टेकडीपलीकडे विक्रोळीला कन्नमवार नगर आणि टागोर नगर. मुलीला कडेवर घेऊन तुम्ही मंडळाच्या खिडकीवर उभे राहता. खिडकीमागचा कारकून सज्जन आहे, घाईत नाही.

"कुठल्या कारखान्यात?"

"कारखान्यात नाही साहेब. आरेत. गवताला."

तो पेन खाली ठेवतो. औद्योगिक कामगारांसाठीची अनुदानित घरबांधणी योजना केंद्राने १९५२ मध्ये आणली. पगाराची कमाल मर्यादा तिच्यात आहेच, पण त्याआधीची अट अशी की अर्जदार कारखाने कायद्याखालचा कामगार असला पाहिजे. वेतनचिठ्ठी हवी. तुमच्याकडे मुकादमाच्या वहीतला अंगठा आहे. तुमची कमाई मर्यादेच्या कितीतरी खाली आहे, आणि तरीही तुम्ही योजनेच्या बाहेर आहात. कारकून दुसऱ्या खिडकीकडे बोट दाखवतो, तिथे अल्प उत्पन्न गटाचे अर्ज घेतात. तिथेही पहिला प्रश्न पगाराच्या कागदाचाच.

ज्यांना ती घरं मिळाली त्यांचं आयुष्य त्यांनी उभं केलं, हे विसरून चालणार नाही. दरमहा ठरलेलं भाडं, दाराला नंबर, मुलांना शाळा, रेशन कार्डावर पत्ता. मंडळाच्या वसाहतींतून शिक्षक, नट, पुढारी, कबड्डीपटू निघाले. पुढे मंडळाने (१९७७ पासून म्हाडाने) ही घरं राहणाऱ्यांनाच विकायला काढली, सोसायट्या झाल्या. भाडेकरू मालक झाले, याचा मला आनंदच आहे. पण त्या बदल्यात भाड्याची तेवढीच नवी घरं बांधली गेली नाहीत, आणि भाड्याची खिडकी कुणी जाहीर न करताच बंद झाली. आज मोतीलाल नगरच्या पुनर्विकासात जुन्या रहिवाशांना १,६०० चौरस फुटांची घरं मिळायची आहेत. १९६६ साली खिडकीच्या आत पोचलेल्या घराची नातवंडं तिथे राहतील. तुम्ही खिडकीबाहेर राहिलात.

४ जानेवारी १९७६, रविवार. आज झोपड्यांची गणना आहे, सगळ्या शहरात एकाच दिवशी. घराबाहेर पडायचं नाही, असं शेजारच्या काकींनी दोनदा बजावलंय. तुम्ही दारात बसून राहता. गणना करणारे येतात, नाव, माणसं, झोपडी लिहून घेतात. पुढे फोटोपास मिळणार आहे. कुटुंबाचा फोटो चिकटवलेला एक कागद, आणि दरमहा भरायचा ठरावीक आकार. इतक्या वर्षांत सरकारने पहिल्यांदा तुमच्याकडे नियमित पैसे मागितले, आणि तुम्ही ते मनापासून भरता. पावती जपून ठेवता. भाड्याचं घर नसलं तरी भाडेकरूसारखं वागवलं गेलं, एवढ्यानेही माणूस किती सावरतो ते त्या पावतीकडे बघून कळतं.

त्या दिवशी एका बिऱ्हाडाने मात्र दार उघडलं नाही. तुमच्याच मागच्या खोलीत पोटभाड्याने राहणारं. गणनेत झोपडीवर नाव मालकाचं लागतं, आणि भाडेकरू दिसला तर मालकाला त्रास. म्हणून ते सकाळीच नातलगाकडे गेले. सर्वांत कमी कमाईचं घर मोजणीतून असं निसटतं.

१९९७. आता फोटोपासही पुरत नाही. आरेच्या उत्तरेला राष्ट्रीय उद्यान आहे. उद्यानाच्या हद्दीतली अतिक्रमणं काढायचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिलाय आणि हद्दीजवळच्या वस्त्यांत कुणालाच झोप नाही. नवा प्रश्न असा : १ जानेवारी १९९५ च्या मतदार यादीत तुमचं नाव आहे का? असेल तर पात्र, सात हजार रुपये भरा, दुसरीकडे जागा मिळेल. नसेल तर अपात्र. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या कामातही तीच तारीख. परिशिष्ट-२ नावाची पात्रतेची यादी लागते आणि लोक बोटाने ओळ धरून आपलं नाव शोधतात. बऱ्याच वर्षांनी, मोठ्या लढ्यानंतर, उद्यानातल्या हजारो कुटुंबांना चांदिवलीच्या संघर्षनगरात २२५ चौरस फुटांची घरं मिळाली. सगळ्यांना नाही.

या काळात तुमची कमाई किती, हे कुणी विचारतच नाही. तारीख विचारतात. ९४ साली आलेला रिक्षामालक पात्र, ९६ साली आलेली धुणीभांडी करणारी विधवा अपात्र. पुढे ती तारीख २००० पर्यंत सरकली, मग पैसे भरून २०११ पर्यंत. प्रत्येक वेळी काही घरं आत आली. पण घराची गरज मोजायची तर कमाई आणि माणसं मोजावी लागतात. तारखेने फक्त कोण आधी आलं ते कळतं.

इथे थोडं थांबून केलटीपाड्याकडे, जितुनीच्या पाड्याकडे बघा. आरेत असे सत्तावीस पाडे आहेत, वारल्यांचे, कोकणांचे, मल्हार कोळ्यांचे. दूध वसाहतीच्या कितीतरी आधीपासूनचे. त्यांना 'पात्र का?' हा प्रश्न विचारणंच चूक आहे, ते भाडेकरू नव्हेत आणि अतिक्रमण करणारेही नव्हेत. मेट्रोच्या कारशेडसाठी प्रजापूरपाड्यातली घरं उठली आणि माणसं चकाल्याच्या इमारतींत गेली. तिथे दार बंद करता येतं, पण दाराबाहेर भाजीचा वाफा नाही, फणस नाही. त्यांचा हक्क वेगळा, तुमची गरज वेगळी. दोघांना एकाच यादीत कोंबल्यामुळे दोघांचंही नुकसान झालं.

मधल्या काळात जगात दुसरीकडे काय चाललं होतं तेही बघून येऊ. १९५३ च्या नाताळच्या रात्री हाँगकाँगच्या शेक किप मेई झोपडपट्टीला आग लागली, पन्नास हजारांहून अधिक माणसं उघड्यावर आली. तिथल्या सरकारने भाड्याच्या इमारती बांधायला घेतल्या. सुरुवातीच्या खोल्या अगदी लहान, नळ आणि संडास सामायिक. पण ते थांबले नाहीत, आणि आज तिथे सुमारे तीस टक्के लोक सरकारी भाड्याच्या घरांत राहतात. उत्पन्नाची मर्यादा दरवर्षी नव्याने ठरते. आत आल्यावर तुमची कमाई बरीच वाढली तर तुम्हाला लगेच हाकलत नाहीत, भाडं टप्प्याटप्प्याने वाढवतात. व्हिएन्नात तर उत्पन्न फक्त घर देताना बघतात. पुढे बढती मिळाली म्हणून कुणाला घर गमावण्याची भीती नसते. आपण याच पंचाहत्तर वर्षांत उलट्या दिशेने चाललो. शहरी भारतात १९६१ साली ५४ टक्के घरं भाड्याने राहणाऱ्यांची होती, २०११ साली २८ टक्के उरली. त्याच २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांमध्ये एक कोटीहून जास्त घरं कुलूपबंद होती.

२००८. वर्तमानपत्रात बातमी आहे आणि ती वाचून तुमच्या छातीत धडधडतं. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे एमएमआरडीए, भाड्याची घरं बांधणार, पाच वर्षांत पाच लाख. खोली १६० चौरस फूट, भाडं महिना आठशे ते पंधराशे रुपये. बिल्डरला चारपट चटईक्षेत्र मिळेल, त्यातल्या एका हिश्श्यात त्याने भाड्याच्या खोल्या बांधून सरकारला द्यायच्या. १६० चौरस फूट हा आकडा तुमच्या सासऱ्यांच्या ओळखीचा निघतो. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे बांधलेल्या बीडीडी चाळींमधली खोली तेवढीच होती. ब्रिटिश सरकारने कापसाच्या गाठींवर कर बसवून त्या चाळींसाठी पैसा उभा केला होता. ऐंशी-नव्वद वर्षांत खोली एका फुटाने वाढली नाही, हे खरं. तरी तुम्ही म्हणालात, चालेल. महिना हजार रुपये तुम्ही देऊ शकता. कुणीतरी अखेर तुम्हाला परवडेल असा आकडा छापला होता.

तुम्ही वाट बघता. घरं बहुतेक मुंबईबाहेर, ठाणे-पनवेलकडे उभी राहतात. मग चर्चा बदलते. एवढ्या दाटीला पाणी कुठून, मलवाहिन्या कुठून, नगरपालिका तक्रार करतात, आणि त्यांचं म्हणणं खोटं नसतं. दोन खोल्या जोडून ३२० चौरस फुटांचं एक घर करायचं ठरतं. काही घरं गिरणी कामगारांच्या सोडतीकडे जातात, काही संक्रमण शिबिरांना, काही प्रकल्पबाधितांना. गिरणी कामगारांचा हक्क वादातीत आहे, मला त्यात एक शब्द उणा बोलायचा नाही. पण महिना हजार रुपये भरून राहायला तयार असलेल्या तुमच्यासारख्याने अर्ज नेऊन द्यावा अशी जागा शेवटपर्यंत उघडलीच नाही. २०२० साली, टाळेबंदीत माणसं बोचकी घेऊन महामार्गावर चालत निघालेली साऱ्या देशाने पाहिली, तेव्हा केंद्राने भाड्याच्या परवडणाऱ्या घरांची नवी योजना आणली. रिकामी सरकारी घरं भाड्याने देणं हा तिचा पहिला मार्ग. आरेच्या रस्त्यावर तिचा अर्ज तुमच्या हाती आला नाही.

२०२३, जून. तुम्ही रॉयल पाम्स या गृहसंकुलाच्या बाजूला तीन घरची कामं करता, घरातला कमावता मुलगा हायवेपलीकडच्या गोदामात आहे. दोघांचे मिळून महिना वीस हजार. स्वतःची झोपडी आता नाही, आरेच्या कडेच्या वस्तीत पत्र्याच्या खोलीत भाड्याने राहता. घरमालकीण चांगली आहे, पण कागद करत नाही. दर अकरा महिन्यांनी भाडं वाढतं आणि 'खोली लागली तर सोडावी लागेल' हे वाक्य ऐकवलं जातं. गोरेगाव पश्चिमेला पहाडीमध्ये म्हाडाच्या नव्या इमारती दिसतात. सोडत निघाली आहे, ४,०८२ घरांची. त्यांतली जवळजवळ निम्मी तिथेच, अत्यल्प उत्पन्न गटासाठी.

सायबर कॅफेतला पोरगा फॉर्म भरून देतो. "मावशी, वर्षाचं उत्पन्न?"

"दोन लाख चाळीस हजार."

"मग तुम्ही बसता. सहा लाखांपर्यंत चालतं."

तुमचा चेहरा उजळतो. पुढचा अर्धा तास मात्र सावकाश वाचा. अनामत रक्कम पंचवीस हजार, ती लगेच हवी. घराची किंमत तीस लाखांच्या घरात. केंद्र आणि राज्याचं अनुदान मिळून अडीच लाख. कुठून तरी दोन-अडीच लाख उभे केलेत तरी पंचवीस लाखांचं कर्ज उरतं. नऊ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता महिना साधारण साडेबावीस हजार. म्हणजे तुमच्या दोघांच्या सगळ्या कमाईहून जास्त. बँकेला आयकर विवरणपत्र हवं, वेतनचिठ्ठी हवी. १९६६ च्या कारकुनाने मागितलेला तोच कागद.

उत्पन्नाच्या मर्यादेत दोष आहे तो असा. तिला वरची कड आहे, खालची नाही, निदान कागदावर. सहा लाखांवरचा माणूस बाहेर राहतो, हे ठीक. पण खालची कड बँक ठरवते, आणि ती सरकारी जाहिरातीत कुठेच छापलेली नसते. साडेपाच लाख कमावणारा आणि दोन लाख चाळीस हजार कमावणारी एकाच सोडतीत, एकाच नावाच्या गटात, आणि घर परवडतं त्यातल्या एकालाच. आता रेशनच्या दुकानात चला. तिथे शहरातल्या प्राधान्य कुटुंबाची मर्यादा आहे वर्षाला ५९ हजार. त्या टेबलावर तुम्ही श्रीमंत ठरता. दोन्ही टेबलं एकाच सरकारची. स्वस्त धान्याला तुम्ही जास्त कमावता, स्वस्त घराला फार कमी. शहरातली किती घरं या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्यात राहतात, ते मुंबईच्या कुठल्याही वस्तीत सकाळी सहाला उभं राहून बघावं.

१४ ऑगस्टला सोडत लागते. एक लाखाहून जास्त अर्ज होते. तुम्ही अर्ज केलेला नसतो, अनामत जमली नाही.

२०२५. मे महिन्यात राज्याने नवं गृहनिर्माण धोरण मंजूर केलं, 'माझे घर, माझा अधिकार' या नावाचं. २०३० पर्यंत ३५ लाख घरांचं उद्दिष्ट आहे, आणि भाड्याच्या घरांचाही त्यात उल्लेख आहे. नोकरदार महिला, विद्यार्थी, औद्योगिक कामगार यांच्यासाठी. चांगली गोष्ट आहे. पण औद्योगिक कामगार हा शब्द वाचला की मला १९६६ ची खिडकी दिसते. गोदामातला मुलगा त्यात बसेल, कंत्राटदाराने कागद दिला तर. तुम्ही बसणार नाही.

म्हणून आणखी एका वर्षात चला, जे अजून आलेलं नाही. आरेत नाही. तिथलं ८१२ एकर राखीव वन झालंय, बिबटे आहेत, पाडे आहेत. ती जमीन घरांसाठी मागणं म्हणजे एका गरिबाचं काढून दुसऱ्याला देणं. पहाडीत चला, जिथे जमीन म्हाडाचीच होती आणि विकायची घरं बांधली गेली. समजा तिथल्या दोन इमारती विकल्याच नाहीत. जिन्याखाली कार्यालय आहे. अर्ज एक पानाचा. आधार, रेशन कार्ड, मुलांच्या शाळेचा दाखला. वेतनचिठ्ठी नसेल तर कामाच्या तीन घरांचे फोन नंबर. टेबलापलीकडची ताई कुठल्या साली आलात ते विचारत नाही, कुठल्या कारखान्यात तेही नाही.

"घरात माणसं किती?"

"पाच."

"सगळ्यांची मिळून कमाई?"

"वीस हजार. पावसाळ्यात कमी."

"भाडं महिन्याला किती जमेल?"

तुम्ही मुलाकडे बघता. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे हिशेब तयार नाही. शाळा, आईचं औषध, गॅस, लोकल. बोटांवर मोजून तुम्ही सांगता, "पाच हजार. जूनमध्ये साडेचार धरा, वह्या-पुस्तकं असतात." ती दोन्ही आकडे लिहून घेते आणि विचारते, "तळमजला चालेल ना? आजींना जिना नको."